लेकीच्या घरचा गहू

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात आमच्या गावाखाली, नदीकाठच्या माळावर, जनावरांची छावणी पडली. माणदेशाकडे पावसानं तोंड फिरवलं होतं. म्हसवड, वडूजकडची माणसं आपापली बैलं आणि गाई हाकत कृष्णेच्या पाण्यावर आली आणि माळावर पालं ठोकून राहिली. छावणीत जनावरांना उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, मिळायचं, कधी कडबाही मिळायचा. माणसांचं मात्र ज्याचं त्यानं बघायचं. तीन दगडांची चूल आणि रेशनचा लाल मिलो, परदेशातनं आलेली निकस ज्वारी. ती मिलोची भाकरी ज्यानं खाल्ली त्यालाच ठाऊक, एकेक घास किती वेळ तोंडात फिरत राहतो ते.

त्या पालांत एक पाल माझ्या धाकट्या जावेच्या आईबापाचं होतं. जावेचं नाव अंजना. तिचे वडील केरबा आणि आई चंद्राबाई, दोघंही म्हसवडजवळच्या एका वाडीतले. आम्ही दोघी जावा वेगळ्या निघालो होतो, चुली दोन होत्या, पण परसदार एकच. त्या परसात उभं राहिलं की केरबांच्या चुलीचा धूर दिसायचा. लेक इकडे गव्हाची चपाती लाटतेय आणि बाप तिकडे मिलो चावतोय, एवढं जवळ. पण ते आमच्या उंबऱ्याला शिवत नव्हते. अंजनाला लग्नानंतर सात वर्षांत मूल झालं नव्हतं, आणि नातवाचं तोंड बघितल्याशिवाय लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

रीत सगळेच पाळतात असं नाही. कोण पाणी पितं, कोण चहा घेतं, कोण 'गूळ खाल्ला, जेवलो नाही' म्हणून सुटतं. माझा बाप तर वर्षाच्या आत आमच्याकडे मटणावर बसला, कारण माझा पहिला मुलगाच. त्यात माझं काय कर्तृत्व होतं देव जाणे, पण जेवताना बापाची छाती फुगली होती हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. केरबा तसे नव्हते. अंजनाच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तेव्हा त्यांनी म्हसवडच्या सिद्धनाथापुढे हात जोडून सांगितलं होतं, "देवा, लेकीच्या पदरात पोर घाल. तवर तिच्या घरचा कण खाणार न्हाई आन् पाण्याचा थेंब घेणार न्हाई." म्हणजे रीतीवर वरून नवसाची गाठ. अंजनाच्या तांब्यातलं पाणीसुद्धा ते घेत नव्हते. तहान लागली की नदीवर जायचे. नदी कुणाच्या लेकीची नाही ना!

मला राग यायचा. मी एकदा माझ्या घरची पिठल्याची वाटी आणि चार भाकरी घेऊन छावणीवर गेले. म्हटलं, हे माझ्या चुलीवरचं आहे, अंजनाचा हातसुद्धा लागलेला नाही. केरबांनी ताट बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही, कारण भूक लपवता येत नाही. मग म्हणाले, "बाई, जावंचं घर त्ये लेकीचंच घर. रागावू नगा." भाकऱ्या तशाच परत आणल्या. चंद्राबाई चुलीपाशी बसून लाकडं सारत होत्या. त्यांनी वरही बघितलं नाही.

अंजनाचा नवरा नाथाजी फौजेत ड्रायव्हर होता. सुटून आला तो डिस्पोजलमधला, म्हणजे लष्करानं लिलावात काढलेला, एक जुना ट्रक घेऊनच. गळिताच्या दिवसांत ऊस वाहायचा. एरवी त्या ट्रकच्या हौद्यात दोन स्टोव्ह आणि एक मोठी चूल बसवून बाजाराला, जत्रेला न्यायचा. मागचा फाळका खाली सोडला की झालं हाटेल. भजी, मिसळ, चहा. गावानं त्याला 'हाटेलगाडी' नाव ठेवलं होतं. सुरुवातीला अंजना त्या गाडीवर उभी राहते म्हणून लोकांच्या जिभा चालल्या. मराठ्याची सून आणि ट्रकवर भजी तळते! पण भजी चांगली होती, म्हणून जिभा थांबल्या.

नाथाजीनंही सासऱ्याला एकदा घोळात घ्यायचं बघितलं होतं. छावणीवर गाडी उभी करून म्हणाला, "मामा, हे घर न्हाई, हाटेल हाय. पाच पैसं ठेवा आन् मिसळ खावा. इकतचं झालं."

केरबा हसले. "लेकीचं गिऱ्हाईक हुऊ व्हय, पाव्हणं?"

नाथाजीनं फाळका वर चढवला. मान खाली घालून गाडी वळवून आला.

चैत्र संपत आला आणि छावणीतल्या माणसांचे गाल आत गेले. तेव्हा लालासाहेबांनी मनावर घेतलं. हे आमच्या गावचे सुभेदार, पेन्शनीत निघालेले, मिशा अजून ड्यूटीवर. त्यांनी चावडीपुढे माणसं जमवली आणि सांगितलं, "छावणीला एक संध्याकाळ पोटभर जेवण द्यायचं. गोडाचं. आन् नुसतं जेवण न्हाई, करमणूक पन. मान्सं हसायची इसरलीत." ठरलं ते असं : घरटी पाच भाकऱ्या, आमटीला ज्याच्याकडे असेल ती डाळ, आणि गोडाला हुग्गी. हुग्गी म्हणजे उखळात सडून कोंडा काढलेल्या गव्हाची गुळातली दाट खीर. आमच्या सांगलीकडे लग्नाला, जत्रेला हीच लागते. स्वयंपाक नाथाजीच्या गाडीवर, कारण एवढी मोठी भांडी आणि चूल दुसऱ्या कुणाकडे नव्हती. करमणुकीला मिरजेचा एक जादूगार, शाळेतल्या पोरांचं लेझीम, आणि भोंग्यावर दादासो.

दादासोचं सांगायला हवं. गावात लाऊडस्पीकर त्याचा एकट्याचा. लग्न असो, बारसं असो, दादासो माईक धरायचा आणि सोडायचा नाही. कुणी आहेर केला, कुणी वाजंत्री दिली, कुणी नुसता गॅसबत्तीचा मेण्टल दिला, सगळ्यांची नावं तो भोंग्यातनं पुकारायचा. नाव पुकारलं गेलं नाही तर देणारा वर्षभर रुसायचा. आमच्याकडे तो मोठा अपमान. त्यामुळे दादासोचा एकच नेम होता, नाव कुणाचं सुटता कामा नये.

ही बातमी अंजनानं छावणीवर जाऊन स्वतः सांगितली. मीही बरोबर होते. केरबा बैलांना वाढं टाकत होते. ऐकून त्यांनी विचारलं, "गाव जेवान घालतंय?"

"व्हय आबा. घरटी भाकरी."

"मंग यीन की," ते म्हणाले. "गावाचं अन्न खायाला काय हाय. गाव कुनाचं सासर न्हाई."

परतताना अंजना वाटेवर थांबली आणि पदरानं तोंड झाकून हसायला लागली. हसता हसता रडली. म्हणाली, "अक्का, सात वर्षांनी आबांना मी वाढनार. माज्या हातानं." मी तिच्या पाठीत एक धपका घातला आणि म्हटलं, चल, उखळ धुवून ठेव.

पण गहूच आला नाही. वरच्या आळीतल्या एका बागाईतदारानं सगळ्या गव्हाचा शब्द दिला होता. आदल्या दिवशी माणूस गेला तर म्हणे धनी सांगलीला गेलेत, कोठाराची किल्ली त्यांच्याकडे. हुग्गीचा गहू आदल्या दिवशी ओला करून उखळात सडायचा असतो. उद्या आणतो म्हणणाऱ्याच्या गव्हाची हुग्गी होत नाही. लालासाहेब त्या दिवशी साताऱ्याला पेन्शनीच्या कचेरीत गेलेले. विचारायचं कुणाला?

अंजना परसात उभी राहिली. तिच्या घरात एक पोतं गहू होता, पावसाळ्याची बेगमी. ती नाथाजीला म्हणाली, "आपला गहू घालू या."

नाथाजी खूश झाला. त्याचा स्वभावच तसा. पण लगेच त्याच्या ध्यानात आलं. "आन् मामा?"

"त्यास्नी कोन सांगतंय?" अंजना म्हणाली. "कुनालाच सांगायचं न्हाई. भाकऱ्या गावाच्या, डाळ गावाची. गव्हाला काय नाव आसतंय व्हय?"

मी तिच्याकडे बघितलं. ती माझी नजर टाळत होती. मला कळलं की ही नुसती नड भागवत नाही. तिला हे हवंच होतं. बागाईतदार सांगलीला गेला म्हणून ती मनातल्या मनात त्याला दुवा देत असावी. तिच्या घरचा गहू, तिच्या उखळात सडलेला, तिनं शिजवलेला, एकदा तरी बापाच्या पोटात जावा. यात वाईट काय होतं ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. आम्ही दोघींनी गहू सडला. मुसळ एकदा तिच्या हातात, एकदा माझ्या हातात, आणि अंजना गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर नाथाजीनं गाडी माळावर नेली. फाळका सोडला, दोन्ही बाजूला गॅसबत्त्या टांगल्या. घराघरातनं बायका टोपल्यातनं भाकऱ्या घेऊन आल्या आणि सगळ्या भाकऱ्या एका धोतरावर रचल्या. जाड, पातळ, कुणाच्या करपलेल्या, एकदा ढिगात पडल्या की कुणाच्या कुठल्या ते ओळखू येत नव्हतं. हुग्गीला गुळाचा वास सुटला तशी छावणीतली पोरं गाडीभोवती घिरट्या घालायला लागली. बाया पालाच्या तोंडाशी येऊन बसल्या. एकेकीनं केस विंचरले होते. किती दिवसांनी, ते त्यांनाच माहीत.

लेझीम झालं. मग मिरजेचा जादूगार आला. काळा कोट, त्याला कोपरावर ठिगळ. त्यानं कानातनं चेंडू काढला, रुमालाचं फूल केलं. लोक हसत होते. मग त्यानं एक तांब्याचा गडू घेतला, पालथा करून सगळं पाणी ओतून टाकलं, रिकामा दाखवला, मंत्र म्हटला आणि परत पालथा केला. परत पाणी! पुन्हा ओतलं, पुन्हा मंत्र, पुन्हा पाणी. दुसऱ्या कुठल्या गावात यावर टाळ्या पडल्या असत्या. आमच्या माळावर सगळं चिडीचूप झालं. आटलेल्या विहिरी सोडून आलेली ती माणसं त्या गडूकडे बघत राहिली. मग पुढच्या ओळीतली धोंडुबाई नावाची म्हातारी उठली, आपला तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "मातीत कशाला वततोस रं बाबा? ह्यात वत."

कुणी हसलं नाही. जादूगाराच्या कपाळाला घाम आला. त्यानं खरंच म्हातारीच्या तांब्यात पाणी ओतलं आणि आपलं सामान आवरायला घेतलं. दादासोनं प्रसंग ओळखून घाईघाईनं भोंग्यातनं पुकारलं, "मंडळी, जेवण तयार आहे! आपापली ताटं घेऊन लायनीत यावं!"

पुरुषांची एक रांग, बायकांची एक. नाथाजी भाकऱ्या देत होता, मी आमटी घालत होते, आणि फाळक्याच्या टोकाला अंजना हुग्गीचं पातेलं घेऊन उभी होती. मी तिच्याकडे बघत होते. ती वाढत होती समोरच्याला, पण डोळे रांगेत मागे, केरबा कुठे आहेत तिकडे.

ते आले. जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटली दोन्ही हातांनी धरलेली. स्वच्छ धुतलेला सदरा घातला होता आणि तो त्यांच्या खांद्यावरनं लोंबत होता. अंजनानं डाव भरला. केरबांनी ताटली पुढे केली आणि मग थोडी मागे घेतली.

"आंजे," ते हळूच म्हणाले, "समदं गावाचंच हाय न्हवं?"

मी आमटीचा पळा हातात धरून थांबले. अंजनाचा डाव हवेत होता. हुग्गीचा एक थेंब फाळक्यावर पडला.

"व्हय आबा," ती म्हणाली. "गावाचंच."

त्यांनी ताटली पुढे केली. अंजनानं वाढलं, वरून तुपाची धार सोडली, जरा जास्तच सोडली. केरबा जाऊन पुरुषांच्या पंगतीत, गाडीच्या अगदी समोर बसले. त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, एक घास देवाला काढून ठेवला आणि पहिला घास तोंडात घातला. डोळे मिटले. घास गिळल्यावरसुद्धा थोडा वेळ मिटलेलेच होते.

अंजना मला म्हणाली, "अक्का, जेवलं गं माजं आबा." मला वाटतं आयुष्यात इतकं सुखी माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. तिचा चेहरा चुलीच्या आचेनं लाल झाला होता, नाकावरनं घाम ओघळत होता, आणि ती वेड्यासारखी हसत होती.

थोड्या वेळानं केरबा ताटली घेऊन पुन्हा आले. "वाईच वाढ गं," म्हणाले. "लय ग्वाड झालीया. तुज्या आयला आशी कवाच जमली न्हाई." बायकांच्या पंगतीतनं चंद्राबाईंनी ते ऐकलं असावं, त्यांनी मान हलवून हसून घेतलं. अंजनानं पातेल्याच्या तळातली, गूळ उतरलेली हुग्गी खरवडून वाढली.

आता पुढचं जे झालं त्याचा उगम मला दुसऱ्या दिवशी कळला. साताऱ्याहून परत आल्यावर लालासाहेब स्वयंपाक बघायला गाडीवर आले होते. बागाईतदारानं फसवल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी नाथाजीला विचारलं, "मंग गहू कुनी दिला?" सुभेदारानं विचारलं आणि नाथाजी सवयीनं ताठ उभा राहिला. फौजेतल्या माणसाला वरच्यापुढे खोटं बोलता येत नाही. "घरचाच हाय, साहेब. पन नाव नगं." लालासाहेबांना वाटलं, गडी लाजतोय. का नको, ते नाथाजीला चारचौघांत सांगता येईना. बायकोला मूल नाही हे नवऱ्यानं तोंडानं कसं म्हणायचं! लालासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जाता जाता दादासोच्या कानात सांगितलं. त्यांच्या मनात चांगलंच होतं. आमच्या गावात सगळ्यांच्या मनात नेहमी चांगलंच असतं.

भोंगा खरखरला.

"माता-भगिनींनो आणि बंधूंनो! एक मोठं नाव राहून गेलं, त्याबद्दल माफी! आजच्या गोड जेवणाचा सगळाच्या सगळा गहू ज्यांनी आपल्या घरातनं दिला, आणि कुणाला सांगू नका म्हणाले, असे आपले माजी सैनिक नाथाजी आणि त्यांच्या सौभाग्यवती अंजनाताई! मंडळी, आज आपण छावणीत नाही, या दोघांच्या घरी पाव्हणे म्हणून जेवतोय असं समजा! होऊ दे टाळ्या!"

टाळ्या झाल्या. खूप झाल्या. लोकांना खरोखर आनंद झाला होता. नाथाजीच्या हातातली भाकरी खाली पडली.

केरबांचा हात तोंडाशी होता. तो तिथेच थांबला. मग त्यांनी तो घास परत ताटलीत ठेवला, हळू, आवाज न करता. त्यांनी वर बघितलं. गाडी अगदी समोर होती आणि गॅसबत्तीचा सगळा उजेड अंजनाच्या तोंडावर होता.

"गावाचं म्हनलीस," ते म्हणाले.

एवढंच. ओरडले नाहीत. भरल्या पंगतीतनं उठले. आमच्याकडे पंगतीतनं मधेच कुणी उठत नाही. उठला तर वाढणाऱ्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं आहे. टाळ्या विरल्या. का उठले हे छावणीतल्या माणसांना लगेच समजलं, कारण तीही त्याच रीतीची. बायकांच्या पंगतीत कुजबुज गेली, आणि एकेक मान अंजनाकडे वळली. आधी तोंडाकडे, मग पोटाकडे. गावात बाईला वांझ म्हणायला तोंड उघडावं लागत नाही.

"चंद्रे, ऊठ," केरबांनी बायकांच्या बाजूला बघून सांगितलं आणि ते गाडीच्या मागे अंधारात गेले.

अंजना फाळक्यावरनं उडी टाकून त्यांच्यामागे धावली. मीही गेले. बाभळीच्या बुंध्याला एक हात टेकून केरबा वाकले होते आणि दुसऱ्या हाताची बोटं त्यांनी घशात घातली होती. एकदा घातली, काही आलं नाही. पुन्हा घातली. त्यांच्या पाठीचे मणके सदऱ्यातनं दिसत होते. किती दिवसांनी पोटात गेलेलं ते अन्न अंग सोडायला तयार नव्हतं, आणि ते ते ओढून बाहेर काढत होते.

"आबा!" अंजनानं त्यांचा हात धरला. "आबा, नगा! माजी चूक झाली. मी खोटं बोलले. पन टाकू नगा आबा, तुमच्या पाया पडते!"

त्यांनी हात सोडवून घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं, उलटीचं की कशाचं ते सांगता येत नाही. "तुज्याच साटी राखलं हुतं गं पोरी," ते म्हणाले. "येवडी वर्सं राखलं. आता त्यो देव मला काय म्हनंल? तुला काय दील त्यो?" मग पुन्हा वाकले. या वेळी सगळं आलं. हुग्गी, तूप, सगळं. अंजना तिथेच मटकन खाली बसली.

नाथाजी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. केरबांनी तांब्याकडे बघितलं आणि मान हलवली. तोंड तसंच पुसून ते उतारानं नदीकडे चालू लागले. कुणाला हात लावू दिला नाही.

मी अंजनाला उठवलं. तिला घरी न्यायचं माझ्या मनात होतं. पण घरी जायला पंगतीपुढूनच वाट होती. आम्ही गाडीला वळसा घालून आलो आणि मी थांबले.

बायकांची पंगत निम्मी उठली होती. उरलेल्या बायका हात आवरून बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध चंद्राबाई जेवत होत्या. नवऱ्यानं ऊठ म्हटल्यावर बाई उठते, त्यात विचार करायचा नसतो. पण त्या उठल्या नव्हत्या. मांडी घालून, पदर डोक्यावर नीट घेऊन, ताटातली हुग्गी बोटांनी गोळा करून खात होत्या. शेजारची बाई दबक्या आवाजात काही सांगायला गेली, तर तिच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. ताट संपलं. त्यांनी वर बघितलं, लेकीला बघितलं आणि ताट पुढे केलं.

"आंजे," त्या म्हणाल्या. "वाढ."

अंजना हलली नाही. दोन्ही हातांनी तिनं माझा दंड घट्ट धरला होता. मला वाटलं हिला आनंद होईल, बाप नाही तर आई तरी जेवली. पण तिच्या तोंडावरचा रंग गेला होता, आणि तिच्या मनात काय आलं ते माझ्या ध्यानात आलं. आई जेवली, याचा अर्थ आईनं आशा सोडली. बाप उलटी काढून का होईना, अजून वाट बघत होता.

"आये," अंजनाचा आवाज फुटला, "तू वाट बगायची सोडलीस व्हय?"

सगळ्या बायका ऐकत होत्या.  चंद्राबाईंनी ताट पुढे केलेलंच होतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "सोडली." मग ताट तसंच धरून, "सात वर्सं मी बी न्हाई जेवले. माज्या उपाशी ऱ्हान्यानं तुजी कूस भरली का? तुला पोर हुईल, न्हाईतर न्हाई हुयाचं. मला एक पोर हाय. तिनं रांधलंया, आन् मी जेवतीया. वाढ."

अंजना गाडीवर चढली. पातेल्याच्या कडेला लागलेली हुग्गी तिनं डावानं खरवडून काढली, खाली आली आणि आईच्या ताटात वाढली. वाढताना निम्मी ताटाबाहेर पडली. चंद्राबाईंनी ती जमिनीवरची बोटांनी उचलून ताटात घेतली आणि माती झटकून खायला लागल्या.

दादासोनं भोंगा बंद केला होता.  खाली नदीवर केरबा चुळा भरत होते, त्याचा आवाज वरपर्यंत ऐकू येत होता.